कॉलेजच्या पोरांना ४-३-३ चं खूळ परवडतंय का?

पेठेतला_स्टॉपर
परवा आमच्या कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल मॅच बघितली. ४-३-३ लावलेलं, म्हणजे मागं चार, मधे तीन, पुढं तीन. ३-१ नं हरलो. हरू दे, पण पहिला गोल कसा खाल्ला? गोलकिक होती. दोन्ही स्टॉपर (मधले बचाववाले) पेनल्टी एरियातच उभे. गोलीनं बॉल बाजूला सरकवला, गोलपुढं टक्कल पडलेल्या जागेत पावसाचं पाणी साचलेलं, बॉल तिथंच रुतला. त्यांचा नऊ नंबरवाला धावत आला आणि नुसता पाय लावला. आमचा गडी चिखलातनं बूट उपसत बघत राहिला.

गोलकिक पेनल्टी एरियाबाहेर गेलीच पाहिजे ही अट २०१९ ला काढून टाकली, तवापासनं जो तो गोलीपासनं छोटे पास देत मागनं खेळ बांधायला लागलाय. टीव्हीवर गालिचा असतो राव. इथं ४-४-२ लावा (मधे चार, पुढं दोन), लांब बॉल टाका, तुटून येईल त्यावर झडप घाला.

रंकाळाकाठ
चिखलाचा राग ४-३-३ वर कशाला? ४-३-३ लावूनही गोली लांब मारू शकतो की. ४-४-२ मध्ये मधल्या चारातले दोन कडेला जातात, मधोमध दोघंच उरतात. समोर तिघं असले की त्यांचा एक कायम मोकळा. हाफ टाइमनंतर आपण दोन स्ट्रायकर केले आणि तिसरा गोल बरोबर मधनंच आला. तो आठवत नाही होय?

पेठेतला_स्टॉपर
आठवतोय. पण दुसरा कुठनं आला? आमचा लेफ्ट विंगर बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभा. मागं लेफ्ट बॅक एकटा दोघांना पुरणार कसा? कागदावर ४-३-३, मैदानात ४-३ आणि तीन प्रेक्षक.

रंकाळाकाठ
मग त्या विंगरला बसवा बाहेर. त्याच्यापायी फॉर्मेशन कशाला मोडताय?

जुना_लेफ्टबॅक
दोघंही सरावाचं बोलत नाही. निम्मी पोरं केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला आपापल्या तालमीच्या संघाकडनं खेळतात. तिथली पद्धत वेगळी, इथली वेगळी, आणि सगळी एकत्र सापडतात आठवड्यातनं दोनदा. वर शाहू स्टेडियमच्या गॅलरीतनं ‘हाण, हाण’ ऐकत वाढलेली. असल्या पोरानं गोलीकडं बॅकपास दिला तर पेठेत तोंड दाखवायची सोय नाही. (मी दिलेला एकदा. घरच्यांनीपण ऐकवलं.)

रंकाळाकाठ
म्हणून तेच शिकवत राहायचं? अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचाच. २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला.

जुना_लेफ्टबॅक
खेळला, पण शिकला पुण्यात, अकादमीत. रोजचा सराव. आपल्या पोरांना सकाळी प्रॅक्टिकल असतंय.

पेठेतला_स्टॉपर
शनिवारी परत मॅच आहे आणि आत्ता बाहेर धो धो पाऊस. गोलीला कुणीतरी फोन करा, निदान त्या डबक्याच्या बाजूला तरी देऊ नको म्हणावं.

रंकाळाकाठ
हाफ टाइमनंतर बाजू बदलते, डबकं त्यांच्याकडं जातं. तवा तरी मधे तिघं ठेवा.