पहिलं गिटार पेडल घरी बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

सहातारा_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आणि १० वॉटचा छोटा अँप आहे आणि डिस्टॉर्शन पेडल (गिटार आणि अँपच्या मध्ये लावायची, आवाज खरखरीत करणारी डबी) विकत घ्यायच्या ऐवजी स्वतः बनवायचं असं ठरवलंय. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलचं सर्किट नेटवर बघितलं पण ऑपअँप, टोन कंट्रोल, एवढे कॅपॅसिटर, काय कशासाठी आहे तेच कळेना. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बारावीच्या फिजिक्समधला ट्रान्झिस्टर तेवढाच माहितीये, सोल्डरिंग कधी केलेलं नाही. किट मागवू का सुटे पार्ट आणू? आणि शॉक बसायची भीती आहे का, आई सारखी विचारतेय.

पत्रा_आणि_तार:
शॉकचं आधी. पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आईला सांग निवांत रहा. फक्त अँप उघडायला जाऊ नकोस, ट्यूब अँप तर अजिबातच नको, त्यातले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतात.

ट्यूब स्क्रीमर नंतर कर. पहिलं इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं एलपीबी-१ कर, १९६०च्या दशकाच्या शेवटाचं बूस्टर (सिग्नल मोठा करणारं पेडल) आहे, एकच ट्रान्झिस्टर, २एन५०८८ घे. बेसला प्लसकडून ४३० के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे ४३ के, कलेक्टरला प्लसकडून १० के, एमिटरपासून ग्राउंडला ३९० ओहम, सिग्नल आत येताना ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, बाहेर जाताना ०.१ चाच, आणि शेवटी व्हॉल्यूमला १०० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). संपलं. ४३० आणि ४३ नाही मिळाले तर ४७० आणि ४७ घे, रेशो तोच राहतो. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, साधारण १० के भागिले ३९०, म्हणजे २५ पट, आणि हे गणित तुला बारावीचंच येतंय बघ.

आधी ब्रेडबोर्डवरच (पार्ट नुसते खोचायचा भोकांचा बोर्ड) कर, सोल्डर नको. वाजलं की आउटपुट कॅपॅसिटरच्या पुढे, पॉटच्या आधी, दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट तोंडाने ग्राउंडला लाव, लगेच डिस्टॉर्शन. मग ते काढून दोन लाल एलईडी लाव, आवाज मोठा आणि मोकळा होईल कारण सिलिकॉन डायोड ०.६-०.७ व्होल्टलाच सिग्नलचा माथा कापतो आणि लाल एलईडी १.७-१.८ च्या आसपास. हे कानाने ऐकलंस ना की ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटमधले डायोड तुला आपोआप ओळखू येतील. किटमध्ये हे होत नाही, नंबर बघून पार्ट लावत जातो आणि शेवटी पेडल तयार पण डोक्यात काही नाही.

रिव्हर्ब_रसिक:
किटबद्दल मला नाही पटत. ज्याने सोल्डरिंग गन हातात धरली नाही त्याला छापील पीसीबी (सर्किट बोर्ड) मिळाला तर निदान तारा चुकत नाहीत, आणि पहिलं पेडल वाजलं नाही की बरेच जण सोडूनच देतात. ब्रेडबोर्ड कर पण सोबत एक साधं किटही घे. २५ वॉटची गन, ६०/४० चं रोझिनवालं सोल्डर, आधी बोर्डावरचा पॅड आणि पार्टचा पाय दोन्ही गरम कर आणि मग सोल्डर जोडाला लाव, गनच्या टोकाला नाही. या सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की हात धू.

पत्रा_आणि_तार:
सोल्डरिंगसाठी किट, हे मान्य.

लॅमिंग्टनवाला:
एक गोष्ट राहिली, २एन५०८८ ऐवजी बीसी५४७ लावणार असशील (दोन-तीन रुपयाला मिळतो आणि इथे मस्त चालतो) तर पाय उलटे आहेत. सपाट बाजू आपल्याकडे धरली की २एन५०८८ डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर आणि बीसी५४७ कलेक्टर-बेस-एमिटर. आवाज आला नाही तर मल्टिमीटरने कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये माप, ४-५ व्होल्ट पाहिजे. पूर्ण ९ दिसले तर ट्रान्झिस्टर चालूच नाही, शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट किंवा चुकीची जोडणी असेल. पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली, दुकानात ‘पाव वॉटचे रेझिस्टर’ म्हण.

सहातारा_कोल्हापूर:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एलपीबी-१ च करतो आणि किटही बघतो. एकच विचारायचं होतं, घरात जुन्या राउटरचा अडॅप्टर पडलाय तो चालेल का, बॅटरी सारखी सारखी कोण आणणार.

लॅमिंग्टनवाला:
नको लावू. राउटरचे बहुतेक १२ व्होल्टचे आणि मधली पिन प्लस असतात, पेडलला ९ व्होल्ट आणि मधली पिन मायनस लागते. पेडलचा अडॅप्टर वेगळा घे, आणि तरी सप्लायच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये एक १एन४००१ डायोड उलटा टाकून ठेव म्हणजे पोलॅरिटी चुकली तरी सर्किट वाचतं. बॅटरीवर करणार असशील तर इनपुटला स्टिरिओ जॅक घे आणि बॅटरीची मायनस त्याच्या रिंगला (मधल्या कॉन्टॅक्टला) जोड, गिटारची केबल आत असेल तेव्हाच बॅटरी चालू होते, बाहेर काढली की बंद. आणि ब्रेडबोर्डवर हम्म् असा आवाज येत असेल तर त्याने घाबरू नकोस, ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवून डबा ग्राउंडला जोडलास की बराच जातो.