मंडळीतले ‘वडील’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न: सोलापुरात आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी निवडून येते. बायबलातले ‘वडील’ ते हेच का?

उत्तर १: तसं सरळ म्हणता येत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्बुतेरॉस’. सीएनआयमध्ये दीक्षित पाळकाला (पास्टरला) प्रेस्बिटर म्हणतात ते त्यावरूनच. कमिटीवाले सभासदांचे प्रतिनिधी. प्रेषितांची कृत्ये 20:17 मध्ये पौल इफिसच्या वडिलांना बोलावतो आणि 28 व्या वचनात त्यांनाच अध्यक्ष (मंडळीवर देखरेख करणारे) म्हणतो. म्हणजे वडील आणि अध्यक्ष ही माणसं तीच.

उत्तर २: थोडी भर. प्रेस्बिटेरियन पद्धतीत (जिथे वडिलांची सभा मंडळी चालवते) 1 तीमथ्य 5:17 वरून शिकवणारे आणि कारभार पाहणारे असे दोन प्रकारचे वडील मानतात. सोलापुरात काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाचं. त्या वळणात सभासदांच्या सभेचा शब्द शेवटचा. 1970 मध्ये सीएनआय झाल्यावर बिशपांची पद्धतही आली. नावांचा गोंधळ त्यामुळेच.

प्रश्नकर्ता: मग निवडताना काय बघायचं?

उत्तर १: तीत 1:5-9 वाचा. घर, पैसा, राग, दारू याबाबत माणूस कसा वागतो ते बघा. नुसतं वय नव्हे! आपल्याकडे चूक इथेच होते, देणगी मोठी की खुर्ची मिळते. आरोप आला तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका (1 तीमथ्य 5:19). आणि आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करणं हेही वडिलांचंच काम, याकोब 5:14. नुसती हिशेबाची वही सांभाळायला खजिनदार पुरतो.