रॅकमधली लिथियम बॅटरी पहिल्याच चार्जिंगला ५४ व्होल्टवर कट होते

लॅबवाला_अकोला
नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजी लॅबच्या बॅकअपसाठी जुन्या चार ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या काढून ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची चार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) मॉड्यूलं १९ इंची रॅकमध्ये बसवतोय. ५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर तोच ठेवणार. खोक्यातून काढल्यावर मीटरवर व्होल्ट आले ५२.७, ५२.८, ५३.२ आणि ५२.७. तिसरं एकटंच जोडून ५७.६ व्होल्ट, २० अँपिअरवर चार्जिंगला लावलं, तर ५४.४ च्या आसपास बीएमएस (मॉड्यूलमधलं सेल सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडते आणि इन्व्हर्टर बॅटरी हाय व्होल्टेज दाखवून बंद पडतो. ॲपमध्ये मॉड्यूलमधल्या १६ सेलपैकी ११ नंबरचा सेल ३.६५, बाकी सगळे ३.३८. सेल खराब निघाला का? आणि व्होल्ट एवढे जवळ आहेत तर चारही पॅरलल करून एकदम चार्ज केलं तर काय बिघडतं?

सौर_वायरमन
नव्या मालात एवढा फरक असतोच. जोडून टाका चारही, दोन-चार सायकलमध्ये आपोआप सारखे होतील.

डीसी_बसबार
जोडताना काही होणार नाही, हे खरं. दोन मॉड्यूलं आणि केबल मिळून सर्किटचा रोध ३० मिलिओहम धरला तर अर्ध्या व्होल्टला १५-१७ अँपिअर वाहतील, तेही थोडा वेळ. ३ व्होल्टचा फरक असता तर १०० अँपिअर, म्हणजे बीएमएस ट्रिप.

पण एलएफपीत मधल्या टप्प्यातले व्होल्ट बघून काही ठरवू नका. ४०% आणि ६०% चार्जमध्ये अख्ख्या मॉड्यूलला अर्ध्या व्होल्टचाही फरक पडत नाही. तुमचं ५३.२ वालं बाकीच्यांपेक्षा बरंच भरलेलं असणार. पॅरललमध्ये ते आधी भरतं, त्याची बीएमएस चार्जिंग तोडते आणि त्याच्या वाट्याचा करंट उरलेल्यांवर जातो. शेवटी जे एकटं उरतं ते चार्जरचे सगळे ६०-८० अँपिअर झेलतं. त्यात त्याचा एखादा सेल पुढे (बाकीच्यांपेक्षा जास्त भरलेला) असेल तर तोही धाडकन कट. म्हणून प्रत्येक मॉड्यूल वेगवेगळं पूर्ण भरा, मग पॅरलल करा.

आता ११ नंबर. १५ सेल ३.३८ वर आणि एक ३.६५ वर, बेरीज ५४.३५. तुमचा आकडा बरोबर तिथेच येतो. तो एक सेल मर्यादेला टेकला की बीएमएस तोडते. चालू करंट अचानक तुटल्यामुळे इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्ट उसळतात, म्हणून तो हाय व्होल्टेज म्हणतो. इन्व्हर्टरचा दोष नाही.

असं करा:
इन्व्हर्टरची कम्युनिकेशन केबल काढा, बॅटरी टाइप 'यूजर' करा. केबल लावलेली असली की चार्जिंग व्होल्टेज बीएमएसच ठरवते, तुमची सेटिंग धाब्यावर बसते. ट्युब्युलरच्या वेळचं इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टने चार्जिंग) आणि टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार चार्जिंग व्होल्ट बदलणं) बंद. चार्ज व्होल्टेज ५४.४, करंट इन्व्हर्टर देईल तेवढा कमीत कमी. मग धीर धरा. या बीएमएसचं पॅसिव्ह बॅलन्सिंग (पुढच्या सेलचा जास्तीचा चार्ज रेझिस्टरमध्ये जाळणं) साधारण १०० मिलिअँपिअरच्या आसपास असतं, म्हणजे २४ तासांत जेमतेम अडीच अँपिअर-तास. तेही सेल साधारण ३.४ व्होल्टच्या वर असतानाच चालतं, ५७.६ ला आपटून कट होत राहिलं तर बॅलन्सिंगला वेळच मिळत नाही. फरक कमी होत गेला की ५५.२, मग ५६. वर पोचल्यावर सर्वात जास्त आणि सर्वात कमी व्होल्टच्या सेलमधला फरक ३० मिलिव्होल्टच्या आत आला की ते मॉड्यूल झालं.

हे चालू असताना लॅबचा लोड बायपासवर (थेट मेन लाइनवर) ठेवा. मध्येच लाइट गेली तर एकट्या मॉड्यूलवर ५ केव्हीए टाकता येणार नाही.

लॅबवाला_अकोला
केबल काढून ५४.४ वर लावलंय, आता कट होत नाही. पण सेल मुळातच कमकुवत आहे की नुसता पुढे आहे, हे कसं ओळखायचं?

डीसी_बसबार
पूर्ण भरल्यावर २० अँपिअरच्या लोडवर उतरवा. चार्जिंगला सर्वात आधी वर जाणारा सेल डिस्चार्जलाही सर्वात आधी खाली आला, तर त्याची क्षमता कमी आहे. स्क्रीनशॉट काढून वॉरंटी मागा. खाली यायला तो सर्वात शेवटी असेल तर नुसता पुढे होता. आणि पहिली पूर्ण चार्जिंग होईपर्यंत स्क्रीनवरच्या टक्केवारीवर जाऊ नका.

रॅक_आणि_लग
पॅरलल करण्याआधी थोडं बसवण्याबद्दल. एकेक मॉड्यूल ४५ किलोच्या घरात असतं. पुढच्या कानांवरच्या स्क्रूंवर टांगू नका, खाली एल-अँगल किंवा शेल्फ हवाच, आणि सर्वात खालच्या खणापासून भरत या. रॅकचं अर्थिंग करताना लगखालचा (लग म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड) पावडर कोट खरवडा, नाहीतर अर्थिंग नावापुरतंच.

पूर्ण लोडला ११० अँपिअरच्या आसपास जातात, मेन केबल ५० चौ. मिमी तांबं घ्या. प्लस सर्वात वरच्या मॉड्यूलवरून, मायनस सर्वात खालच्यावरून; दोन्ही एकाच मॉड्यूलवरून काढल्या तर तेच जास्त राबतं. लग थेट टर्मिनलला टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर. मध्ये वॉशर अडकला की तो सांधा तापतो, आणि टॉर्क पाना लावूनही ते कळत नाही. फ्यूज किंवा एमसीसीबी (मोठा ब्रेकर) डीसी रेटिंगचाच, १६० अँपिअर. घरातला एसी एमसीबी इथे आर्क तोडू शकत नाही.

इन्व्हर्टरला पहिल्यांदा जोडताना त्याचे कपॅसिटर रिकामे असतात. मॉड्यूलमध्ये प्री-चार्ज (कपॅसिटर हळूहळू भरण्याची सोय) नसेल तर ३० ओहम, ५० वॉटच्या रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद प्लस लावा, मग ब्रेकर टाका. नाहीतर ठिणगी, आणि बीएमएस शॉर्ट सर्किट समजून झोपते.

डीआयपी स्विचवर (मॉड्यूलवरचे छोटे स्विच) चौघांना वेगळे पत्ते द्या, मास्टर एकच. पत्ता बहुतेक मॉड्यूलं चालू होतानाच वाचतात, बदलला तर बंद-चालू करा. दोघांना एकच पत्ता गेला की इन्व्हर्टरला तीनच बॅटऱ्या दिसतात आणि करंटची मर्यादा खाली येते. कॅनची (बॅटरी-इन्व्हर्टर कम्युनिकेशनची) पिनही दोन्ही मॅन्युअलमध्ये बघा: काहींत ४-५, काहींत ७-८. बाजारातली सरळ लॅन केबल चालेलच असं नाही.

लॅबवाला_अकोला
रॅक गच्चीखालच्या खोलीत आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात असतो. अडचण?

डीसी_बसबार
आहे. सेल ५५ अंशांच्या आसपास गेले की बऱ्याच बीएमएस चार्जिंग तोडतात, आणि उष्णतेने आयुष्य घटतं ते वेगळंच. शक्य असेल तर खालच्या मजल्यावर न्या. तिथेच ठेवायचं तर दोन मॉड्यूलांत एक खण मोकळा सोडा, एक्झॉस्ट लावा आणि दुपारी १ ते ५ चार्जिंग २० अँपिअरवर आणा. चारही भरल्यावर पॅरलल करून पहिल्या डिस्चार्जला प्रत्येकाच्या केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. करंट साधारण सारखे यायला हवेत. एखाद्यात बराच कमी असेल तर आधी त्याचे लग तपासा.