जॉर्डनशी नमुना राजनयिक बैठक: धार्मिक सलोखा आणि निवडणूक सुधारणा एकत्र कशा मांडायच्या?

प्रश्न – मसुदा_लेखन

नमुना राजनयिक बैठकीत आमचा गट युरोपीय संघाचं शिष्टमंडळ आहे आणि समोर जॉर्डन. वेळ ४५ मिनिटं, विषय दोन: धार्मिक सहिष्णुता आणि निवडणूक कायदा. शेवटी संयुक्त निवेदन काढायचं आहे. आमच्या मसुद्याचा सूर असा: "तुम्ही अम्मान संदेश दिलात, मग आता अल्पसंख्याकांना पूर्ण राजकीय हक्क द्या." सराव फेरीत समोरचे एवढंच म्हणाले, "ख्रिस्ती नागरिकांना राखीव जागा आहेतच." पुढे आम्हाला बोलताच आलं नाही. नेमकं कुठे चुकतंय? २०२२ च्या कायद्याचं गणितही कुणी उलगडून सांगेल का?

उत्तर १ – पश्चिम_आशिया_टिपणं

चूक हवाल्यातच आहे. अम्मान संदेश (नोव्हेंबर २००४) हा मुख्यतः मुसलमानांनी मुसलमानांशी केलेला संवाद आहे. जुलै २००५ मध्ये अम्मानच्या परिषदेत त्याचे तीन मुद्दे पक्के झाले. सुन्नींच्या चार, शियांच्या जाफरी व झैदी, शिवाय इबाजी आणि झाहिरी अशा आठ शाखांना मान्यता. त्यांच्या अनुयायांना धर्मबाह्य ठरवायला, म्हणजे तकफीरला, मनाई. आणि फतवा कोणी द्यावा याच्या अटी. त्यातून ख्रिस्ती किंवा बहाई नागरिकाचा राजकीय हक्क काढायला गेलात तर समोरचा अभ्यासू माणूस तुम्हाला तिथेच अडवणार.

मुस्लिम-ख्रिस्ती संवादासाठी हवाला द्यायचा तर १३ ऑक्टोबर २००७ च्या खुल्या पत्राचा द्या. १३८ मुस्लिम विद्वानांनी ते पोप आणि इतर चर्चप्रमुखांना लिहिलं होतं. सगळ्या धर्मांना कवेत घेणारा हवाला हवा असेल तर ऑक्टोबर २०१० चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव घ्या. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आंतरधर्मीय सलोखा सप्ताह म्हणून पाळायचा प्रस्ताव जॉर्डननेच आणला होता. हक्कांसाठी मात्र राज्यघटनाच उघडा. कलम २ नुसार इस्लाम हा राज्याचा धर्म, कलम ६ मध्ये धर्मावरून भेदभावाला मनाई, कलम १४ मध्ये प्रचलित रीतीनुसार उपासनेचं संरक्षण, पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्तेच्या मर्यादेत. खरी चर्चा त्या मर्यादेवर व्हायला हवी.

अडचणीची जागा संसदेपेक्षा वैयक्तिक कायद्यात जास्त आहे. विवाह, घटस्फोट, वारसा हे मुसलमानांसाठी शरिया न्यायालयांत आणि मान्यताप्राप्त चर्चच्या अनुयायांसाठी चर्च न्यायालयांत चालतं. इस्लाम सोडणाऱ्यावर फौजदारी कलम लागत नाही, पण शरिया न्यायालय त्याचा विवाह रद्द ठरवू शकतं आणि वारसाहक्कही जाऊ शकतो. बहाईंना स्वतःचं न्यायालय नाही. प्रश्न इथे विचारा. "सहिष्णुता आहे का?" असं विचारलंत तर "आहे" एवढंच उत्तर मिळेल.

आणि कोणाकडे काय मागता ते पाहा. कायद्याचा मसुदा सरकार करतं, संसद मंजूर करते, राजा संमती देतो. मतदान घेतो तो २०१२ पासूनचा स्वतंत्र निवडणूक आयोग. परराष्ट्र खात्याच्या माणसाकडून कायदा बदलायचं वचन मागू नका. ते त्याच्या हातात नाही, आणि एकदा तो "नाही" म्हणाला की बैठक तिथेच आटोपते.

उत्तर २ – मतमोजणी

गणित मी सांगतो. प्रतिनिधिगृहात आता १३८ जागा आहेत: १८ स्थानिक मतदारसंघांतून ९७ आणि संपूर्ण देशाच्या पक्षयादीतून ४१. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. राष्ट्रीय यादी बंद असते, म्हणजे क्रम पक्ष ठरवतो. स्थानिक यादी खुली असते. मतदार एका यादीला मत देतो आणि तिच्यातल्या उमेदवारांवरही खूण करतो. किमान मतांची अट राष्ट्रीय यादीला २.५ टक्के, स्थानिक यादीला ७ टक्के.

ही ७ टक्क्यांची अट का आली ते कळायला २०१६ ची पद्धत पाहावी लागते. तेव्हा अशी अट नव्हती आणि जागा सर्वांत मोठ्या बाकीच्या नियमाने वाटल्या जात, म्हणजे पूर्ण भाव भरलेल्या जागा दिल्यावर ज्या यादीची उरलेली मतं जास्त तिला आधी जागा. समजा जागा ५, मतं १,००,०००. म्हणजे एका जागेचा भाव २०,०००. सहा याद्यांना अनुक्रमे २४, १८, १६, १५, १४ आणि १३ हजार मतं पडली. पहिल्या यादीने भाव गाठला, तिला १ जागा आणि बाकी ४ हजार. उरलेल्या चार जागा मोठ्या बाकीवर जातात, म्हणजे १८, १६, १५ आणि १४ हजारवाल्यांना. २४ हजारवालीला एक आणि १४ हजारवालीलाही एकच! मग यादीत दुसरा दमदार माणूस घेणं म्हणजे स्वतःच्या घरात प्रतिस्पर्धी पोसणं. त्यामुळे जमातीतला एक वजनदार उमेदवार आणि बाकी नावापुरते, अशा याद्या निघाल्या. या नावापुरत्या उमेदवारांना तिकडे 'हश्वा' म्हणतात, म्हणजे भरताड. पक्ष त्यातून उभे राहिले नाहीत.

आता एक बारीक गोष्ट. माझ्या उदाहरणातली सर्वांत लहान यादीसुद्धा १३ टक्क्यांची आहे, म्हणजे अशा लहान मतदारसंघात ७ टक्क्यांची अट कुणालाच आडवी येत नाही. ती लागते जास्त जागांच्या मतदारसंघात. युरोपीय शिष्टमंडळाने हा मुद्दा मांडला तर समोरच्यांना ऐकावाच लागेल.

राष्ट्रीय यादीत उलट होतं. २.५ टक्क्यांखाली राहिलेल्या याद्यांची मतं वाटपातून बाहेर पडतात आणि वरच्यांचा वाटा वाढतो. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्लामिक ॲक्शन फ्रंट या मुस्लिम ब्रदरहुडशी जोडलेल्या पक्षाला ४१ पैकी १७ जागा मिळाल्या; स्थानिक १४ धरून एकूण ३१. मतदान जेमतेम ३२ टक्के झालं.

उत्तर ३ – संयुक्त_मतदारसंघ

"राखीव जागा आहेतच" या उत्तरापुढे थांबायची गरज नाही. ख्रिस्ती नागरिकांना ९, कॉकेशस भागातून येऊन वसलेल्या सिरकाशियन व चेचेन समाजाला मिळून ३. ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २ टक्के आणि जागा साडेसहा टक्के, त्यामुळे "प्रतिनिधित्व कमी आहे" असं म्हणालात तर हराल. शिवाय या जागांसाठी मत सगळ्या धर्मांचे मतदार देतात. पुणे करार (१९३२) वाचलेल्याला फरक लगेच कळेल: राखीव जागा, पण मतदारसंघ संयुक्त. मग तोच जुना प्रश्न येतो. निवडून येणारा माणूस आपल्या समाजाला उत्तर देतो की बहुसंख्य मतदारांना? तो विचारा. दोन्ही विषय खऱ्या अर्थाने इथेच एकमेकांना भिडतात.

विषमता दाखवायची तर शहर आणि ग्रामीण भागातली दाखवा. देशाची चाळीस टक्के वस्ती अम्मान प्रांतात आहे. स्थानिक जागांतला त्याचा वाटा त्या मानाने बराच कमी. पॅलेस्टिनी वंशाचे नागरिक मोठ्या संख्येने अम्मान आणि झर्का या शहरांत राहतात, म्हणून हा विषय तिथे नाजूक आहे. वंशाचा उल्लेख टाळून "दर जागेमागे मतदार" एवढीच भाषा ठेवा.

मसुदा_लेखन

खूप उपयोग झाला. एप्रिल २०२५ मध्ये मुस्लिम ब्रदरहुडवर बंदी आली, तिचा उल्लेख करावा का? आणि निवेदनात नेमकं काय लिहायचं?

उत्तर १ – पश्चिम_आशिया_टिपणं

निवेदनात नको. बंद दाराआड एकच प्रश्न विचारा: बंदीविरुद्ध न्यायालयात दाद मागायची वाट कोणती? ब्रदरहुड ही संघटना आणि इस्लामिक ॲक्शन फ्रंट हा पक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ तुम्ही करू नका.

लेखी मागणी त्यांच्याच कागदांतून उचला. राजाने २०२१ मध्ये नेमलेल्या ९२ सदस्यांच्या समितीने राष्ट्रीय यादीचा वाटा २०२४ नंतरच्या निवडणुकीत ५० टक्के आणि त्यानंतर ६५ टक्के करायचं सुचवलं होतं. आज तो ३० टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा लिहा: "यादीचा वाटा वाढवण्याच्या आराखड्याचं दोन्ही बाजूंनी स्वागत केलं, २०२४ च्या युरोपीय निरीक्षण पथकाच्या शिफारशींवर निवडणूक आयोगासोबत तांत्रिक चर्चा होईल." २००२ पासून लागू असलेल्या युरोपीय संघ-जॉर्डन सहयोग कराराचं कलम २ लोकशाही आणि मानवी हक्कांना कराराचा अत्यावश्यक भाग मानतं, ते तोंडी सांगा. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आढाव्याचा दाखला द्यायचा झाला तर जॉर्डनने स्वीकारलेल्याच शिफारशी घ्या. ज्यांची फक्त 'नोंद घेतली', त्या त्याला बांधत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर धर्माला १५ मिनिटं, निवडणुकीला २०, निवेदनाला १०. आधी धर्म घ्या. त्या विषयात यजमानाकडे अभिमानाने सांगण्यासारखं आहे, त्यामुळे तो मोकळा होतो.