जोनी फोनी, व्हिएतनाम आणि आमची एकांकिका : हे विडंबन की सुपारी?

विंगेत_उभा

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची एकांकिका बसतीये, विषय असा की देशाचं युद्ध चालू आहे, लोकांना ते आता नकोसं झालंय, आणि एक फेमस गायिका त्याच्या विरोधात उतरते. आम्हाला तिची टर उडवायचीये. लेखक मीच. पहिलं वाचन झालं तेव्हा सगळे खदाखदा हसले, खास करून तो प्रवेश जिथे बाई उपोषणाला बसायच्या आधी मेकअपवाल्याला सांगते की चेहरा खंगलेला दिसू दे पण गाल बसलेले नकोत, पोस्टरवर वाईट दिसतात.

मग दिग्दर्शक म्हणाला, सगळं झकास आहे पण युद्ध कुठंय? ते सुरू करणारा माणूस तुझ्या नाटकात एकदा तरी स्टेजवर येतो का? नाही ना. आणि जी बाई नको म्हणतेय तिलाच तू अर्धा तास झोडपतोयस. मी म्हटलं अरे विडंबन आहे ते, तर म्हणे विडंबन आहे की सुपारी घेतलीयेस?

डोक्यात किडा घुसला. म्हणून जरा वाचायला घेतलं तर अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाच्या वेळचा अल कॅप नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार सापडला, त्याने १९६७ मध्ये युद्धविरोधी गायिका जोन बाएझवर 'जोनी फोनी' (फोनी म्हणजे ढोंगी) नावाचं पात्र काढलं होतं. इथे जुन्या गोष्टी माहीत असलेली माणसं आहेत म्हणून विचारतो, हे प्रकरण नक्की काय होतं? आणि असल्या थट्टेत दम कधी असतो नि कधी नसतो? परीक्षक काय म्हणतील ते सोडा, मला स्वतःला कळायला हवंय.

जुनी_रद्दी

चांगला विषय काढलास. जरा लांबण लावतो.

अल कॅप म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. त्याची 'लिल ॲबनर' ही चित्रमालिका १९३४ ला सुरू झाली आणि भरात असताना सुमारे ९०० अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून यायची. बरीच वर्षं त्याने शेठलोकांना आणि लबाड राजकारण्यांना धुतलं, तेव्हा डावीकडची मंडळी त्याला डोक्यावर घेऊन नाचायची. साठच्या दशकात गाडी हळूहळू उजवीकडे वळली आणि विद्यार्थी, हिप्पी, युद्धविरोधी गायक हे त्याचं गिऱ्हाईक झालं. हा तोच माणूस, फक्त निशाणा बदलला.

जानेवारी १९६७ मध्ये जोनी फोनी आली. विस्कटलेले केस, हातात गिटार, बाई गरिबीच्या विरोधात गाणी म्हणते आणि एका कार्यक्रमाचे दहा हजार डॉलर घेते, फिरते लिमोझिनमधून. तिच्या गाण्यांची नावं बघ, 'मॉलोटोव्ह कॉकटेल्स फॉर टू', 'लेट्स काँगा विथ द व्हिएतकाँग', म्हणजे दोघांसाठी पेटते बाटलीबाँब आणि अमेरिकेशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांबरोबर काँगा नाच. आता खरं सांगू का, ही नावं वाचून मला आजही हसू येतं. कॅपचा हात चांगला होता यात वाद नाही.

बाएझ चिडली, माफी मागा म्हणाली. कॅप म्हणाला ही ती नव्हेच. वर असंही ऐकवलं की निषेधाचा मक्ता काही निषेधाची गाणी गाणाऱ्यांकडे नाही, दुसऱ्याने तुमचा निषेध केला तर रडता कशाला. हे उत्तर मात्र बिनतोड होतं, मानावंच लागेल.

पण आता दुसरी बाजू. चित्रातली जोनी गरिबीवर पैसा करते म्हणून आपण हसतो, म्हणजे सगळा विनोद उभा आहे तो 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' यावर. खरी बाएझ काय करत होती? १९६४ मध्ये तिने सरकारला कळवलं की माझ्या इन्कम टॅक्समधला साठ टक्के भाग लष्करावर जातो, तेवढा मी भरणार नाही. सरकारने तो नंतर दंडासकट वसूल केला, तरी पुढे कित्येक वर्षं ती हेच करत राहिली. १९६५ ला कॅलिफोर्नियात अहिंसेचा अभ्यास करणारी संस्था काढली, सोबतीला गांधींचा दांडगा अभ्यास असलेला आयरा सँडपर्ल. जोनी फोनी छापून आली त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्याच ऑकलंडच्या सैन्यभरती केंद्राच्या दारात बसली म्हणून दोनदा अटक, दुसऱ्या खेपेला महिन्याभरापेक्षा जास्त तुरुंग. नवरा डेव्हिड हॅरिस, त्याने भरती नाकारली, तोही आत.

आणि १९६७ च्याच ऑगस्टमधला किस्सा तुला नाटकात उपयोगी पडेल. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिला कार्यक्रम करायचा होता, हॉलवाल्या देशभक्त महिला मंडळाने तिच्या युद्धविरोधामुळे नकार दिला. तर हिने वॉशिंग्टन स्मारकाशी उघड्यावर फुकट कार्यक्रम केला आणि तीसेक हजार माणसं लोटली. हॉलमध्ये त्याच्या आसपासही मावली नसती! दहा हजार डॉलरवालीचा फुकट कार्यक्रम, कॅपने हे चित्र काही काढलं नाही.

म्हणजे माझ्या मते बाण भारी होता, नेम भलत्याच माणसावर होता. तेव्हा जोनी फोनीसारखे लोक नव्हते असं नाही, भरपूर होते. त्यातलं कोणीतरी उचलायचं सोडून त्याने नेमकी टॅक्स नाकारणारी आणि तुरुंगातही जाणारी बाई उचलली कारण नाव मोठं होतं.

फटकळ_मावशी

जुनी रद्दी, तुम्ही एक राखून ठेवलंत ते मी सांगते. हे कॅपसाहेब कॉलेजाकॉलेजांत जाऊन विद्यार्थ्यांना शिव्या घालायचे आणि त्या भाषणांचं तगडं मानधन त्याच कॉलेजांकडून घ्यायचे. मग निषेधावर पैसे कमावणारा फोनी कोण हो? पुढे १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या कोर्टात एका विवाहित विद्यार्थिनीच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून दंड भरला, पटापट पेपरांनी मालिका बंद केली. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

सरळ_रेषा

मावशी, कॅप वाईट माणूस होता म्हणून त्याचा विनोद खोटा ठरत नाही. हे म्हणजे हॉटेलचा मालक भांडखोर आहे म्हणून मिसळ बेचव म्हणण्यासारखं झालं.

मी जरा उलट बाजूने बोलतो. सेलिब्रिटी लोकांची टर उडवायलाच हवी कारण त्यांना किंमत मोजावी लागत नाही. १९६९ मध्ये बीटल्सवाला जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो काय करत होते? शांततेसाठी गादीवर लोळत होते. मार्चमध्ये आमस्टरडॅमच्या हिल्टनमध्ये आठवडाभर, मग मे महिन्यात माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात. पांढरा पायजमा, फुलं, दारात पत्रकारांची रांग, आणि रूम सर्व्हिस. त्याच महिन्यांत विशीची पोरं तिकडे चिखलात मरत होती आणि दोन्ही बाजूंची मरत होती. आता यावर हसायचं नाही तर कशावर हसायचं? कॅप तिथे माँट्रियलच्या खोलीतही जाऊन भांडला होता आणि त्याची फिल्म बघितली तर निम्म्या वेळा मला कॅपचं पटतं, नंतर तो योकोवर घसरतो तिथे तो उतरतो ते वेगळं.

शिवाय या लोकांमुळे नुकसानही होतं. साध्या माणसाचा विरोध, म्हणजे ज्याचा पोरगा भरतीत गेलाय अशा बापाचा वगैरे, तो मागे पडतो आणि टीव्हीवर दिसतो तो केसाळ गायक. मग सरकारला सोपंच की, बघा हे विरोधक असले!

जुनी_रद्दी

सरळ_रेषा, शेवटचा मुद्दा शंभर टक्के. पण लेननचं उदाहरण घेतलंच आहेस तर पुढचं पण घे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने राणीकडून मिळालेलं एमबीई पदक परत केलं, ते होतं त्याच्या मिमी मावशीकडे, तिथून ड्रायव्हर पाठवून आणवलं. सोबतच्या चिठ्ठीत कारणं तीन : नायजेरिया-बियाफ्रा प्रकरणात (तिथल्या यादवीत) ब्रिटनचा हात, व्हिएतनाममध्ये अमेरिकेला पाठिंबा, आणि माझं नवीन गाणं 'कोल्ड टर्की' लोकप्रिय गाण्यांच्या यादीत खाली घसरतंय.

आता सांग, यावर विडंबन काय करणार? त्याने स्वतःच करून टाकलं. तिसरं कारण वाचून सरकारी बाबू चिडले असणार, काही शांततावाले पण चिडले असणार की इतक्या गंभीर गोष्टीत हा काय फाजीलपणा. माझ्या मते तेच त्यातलं सर्वात चलाख वाक्य. मी सेलिब्रिटी आहे, माझं पोट गाण्यावर आहे, मला माहीत आहे तुम्ही हसताय, हसा, पण पहिली दोन कारणं वाचा. आणि किंमत म्हणशील तर १९७२ पासून निक्सन सरकार त्याला अमेरिकेबाहेर काढायच्या मागे लागलं होतं, ग्रीन कार्ड मिळायला १९७६ उजाडलं. रूम सर्व्हिसचं बिल उशिरा आलं पण आलं.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत बरीच वर्षं आहे. आमच्या ऑफिसात एक म्हातारा होता, आता रिटायर झाला, व्हिएतनामला जाऊन आलेला. एकदम शांत माणूस, सगळ्यांशी गोड. पण लंचला कोणीतरी नटी जेन फोंडाचं नाव काढलं तर सँडविच तसंच डब्यात ठेवून उठला. कोणाला काही बोलला नाही, परत आला तो बरोब्बर लंच संपल्यावर. मला तेव्हा फोंडा म्हणजे व्यायामाच्या कॅसेटवाली एवढंच माहीत.

मग वाचलं. जुलै १९७२ ला ती हनोईला, म्हणजे शत्रूच्या उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत गेली, तिथल्या रेडिओवर बोलली, आणि विमानविरोधी तोफेवर बसून हसतानाचा फोटो निघाला, म्हणजे जी तोफ अमेरिकन वैमानिकांना पाडायला ठेवली होती तीच. पुढच्या वर्षी युद्धकैदी सुटून आले आणि छळाचं सांगायला लागले तेव्हा त्यांना ढोंगी आणि खोटारडे म्हणाली. १९८८ मध्ये टीव्हीवर सैनिकांची माफी मागितली, पण काहींनी ती घेतली नाही ती नाहीच. तिच्या चेहऱ्याचे स्टिकर मुतारीत लावायला विकायचे इथे, खोटं नाही सांगत. वर कैद्यांनी तिच्या हातात गुपचूप चिठ्ठ्या दिल्या आणि तिने त्या तिथल्या अधिकाऱ्याला दिल्या असा एक ईमेल अजून फिरतो, तो साफ खोटा आहे, आपल्याकडच्या फॉरवर्डसारखाच.

मुद्दा असा की फोंडावर विडंबन जवळजवळ जमलंच नाही कोणाला. तिच्यावर निघाला तो नुसता राग. गंमत म्हणजे तिने हनोईच्या आदल्या वर्षी नट डोनाल्ड सदरलँडबरोबर सैनिकांसाठीच युद्धविरोधी करमणुकीचा कार्यक्रम काढला होता, लष्करी तळांच्या आसपास हिंडून केला आणि गणवेशातली पोरं स्वतः येऊन हसून गेली. तो आज कोणाला आठवत नाही, फोटो आठवतो.

आणि विंगेत_उभा, तुमच्या दिग्दर्शकाला म्हणावं विनोदी नट बॉब होप पण बघ. १९६४ ते १९७२ दर नाताळात व्हिएतनामला जाऊन विनोद सांगायचा, सोबत नट्या. नट जॉन वेनने १९६८ मध्ये युद्धाच्या बाजूने अख्खा सिनेमा काढला, आणि वेन स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेला नव्हता बरं का. हेही सेलिब्रिटीच. पण यांना कोणी 'तू तुझं गाणं-बजावणं कर, राजकारणात कशाला पडतोस' असं म्हटलं नाही. सरकारच्या बाजूने बोललं की ती देशसेवा, विरुद्ध बोललं की नट्यांची नाटकं.

फटकळ_मावशी

एडिसनकर +१०००. आणि गायिका अर्था किट! जानेवारी १९६८, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने बायकांना जेवायला बोलावलेलं, विषय तरुणांमधली गुन्हेगारी. ही उठून म्हणाली की तुम्ही देशातली चांगली चांगली पोरं मरायला पाठवता म्हणून पोरं बिथरतात. झालं. अमेरिकेतली कामं आटली, बाई युरोपात गात फिरली, आणि १९७५ ला पेपरात आलं की सीआयएने तिची फाइल बनवली होती, तिच्या वागण्या-चारित्र्यावरच्या चहाड्यांनी भरलेली. करा हिचं विडंबन.

सरळ_रेषा

बरं बाबा, किंमत मोजली नाही हे माझं वाक्य लेननच्या हॉटेलपुरतं ठेवा. मुहम्मद अलीवर मी तरी विनोद करू धजणार नाही. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीसाठी नाव पुकारलं तरी पुढे आला नाही, किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा आणि दंड किती तर दहा हजार डॉलर, जोनी फोनीच्या एका कार्यक्रमाएवढा. अपिलामुळे आत गेला नाही पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगच्या बाहेर, १९७१ ला सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी सोडलं.

पण मग उरतं काय? ज्याने भोगलं त्याला हात लावायचा नाही, असं केलंत तर विडंबन म्हणजे सत्कार समारंभ होईल. बाएझवरही हसता आलं पाहिजे. तुरुंगात गेली म्हणून ती सोवळी होत नाही.

जुनी_रद्दी

हसता येतंच. तिचं ते सात्त्विक गांभीर्य, सतत उंचावरून बोलणं, याची थट्टा तिच्या दोस्तांनी पण केली असेल. तिने स्वतः नंतर आत्मचरित्रात कॅपच्या प्रकरणाकडे बरंच हसून पाहिलंय, फार उशीर झाला होता, तो १९७९ मध्येच गेला. कॅपचं चुकलं ते थट्टा केली यात नाही, तिच्यात नसलेला दोष तिच्यावर चिकटवला यात.

आणि १९७९ वरून आठवलं. त्याच वर्षी मे महिन्यात बाएझने मोठमोठ्या पेपरांत व्हिएतनामच्या नव्या सरकारला उघडं पत्र छापलं, की तुम्ही लोकांना कोंडताय, छळताय. हीच बाई १९७२ च्या डिसेंबरात हनोईत बाँबवर्षावात तळघरात बसलेली. यावेळी शिव्या घातल्या तिच्याच जुन्या साथीदारांनी, फोंडाने तर सही द्यायला नकार दिला. कॅपच्या जोनीने हे कधी केलं असतं का? तुझ्या बाईला असा एखादा प्रवेश दे, बघ काय होतं ते.

विंगेत_उभा

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्स. काल रात्री बसून बदल केले ते सांगतो, चिरफाड करा.

मेकअपवाला प्रवेश ठेवलाय, तो जाणार नाही, तो माझा जीव आहे. पण आता त्याच मेकअपवाल्याकडे बाईच्या आधी संरक्षणमंत्री येऊन बसतो. त्यालाही खंगलेलं दिसायचंय, रात्रभर जागलोय असं टीव्हीवर वाटलं पाहिजे म्हणून. दोघं एकाच आरशात, एकच पावडर, डोळ्याखाली काळं किती लावायचं यावर दोघांचं एकमत. फरक इतकाच की मंत्री उठल्यावर पैसे न देता जातो आणि बाईला बिल दोघांचं येतं. लेननची चिठ्ठी पण घ्यायचीये, तिसरं कारण बदलून.

एकच अडचण आहे, मंत्र्याच्या रोलसाठी माणूस नाही, सगळ्यांना बाईच्या पीएचा रोल हवाय कारण त्याला जास्त लाफ्टर आहे.

फटकळ_मावशी

दिग्दर्शकालाच उभा करा मंत्री म्हणून. युद्ध कुठंय विचारत होता ना. आणि पीएचे दोन लाफ्टर काढून मंत्र्याला द्या, मग बघा कशी रांग लागते. प्रयोग कुठे आहे ते टाका इथे, पुण्यात असेल तर मी येते.