आवाज फुटल्यानंतरचे नाते
कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, गायकवृंदात लहान मुले गातात; आवाज फुटला की मुलाचा कॅथीड्रलशी संबंध संपतो, असे म्हटले जाते. गाण्यापुरते ते खरे असले, तरी इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथीड्रलचे उदाहरण निराळे आहे. तेथे वृंदात नव्याने येणाऱ्या मुलाचे डोके एका ठरावीक दगडावर हलकेच आपटण्याची जुनी प्रथा आहे, आणि तो दगड कोणता, हे माजी गायकाला म्हातारपणीही सांगावे लागत नसावे! १९९१ मध्ये तेथे मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू झाल्यामुळे माजी गायकांत आता चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियाही आहेत. आठव्या-नवव्या वर्षापासून शाळेआधी तालीम, सायंकाळी प्रार्थना आणि नाताळातही घरी जाण्याआधी गायन, यांतून जुळलेली ओळख मला तरी साध्या वर्गमैत्रीपेक्षा घट्ट वाटते.