अनुभव धागा : कमी खर्चात आल्प्स, या देशातून त्या देशात

धागा सुरू करणारी, म्युनिक

मंडळी, थंडी पडली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अगं, स्कीइंगला जायचंय, पण स्वित्झर्लंडचे भाव ऐकून धीर सुटतो." माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. एका महागड्या रिसॉर्टमध्ये आठवडाभर अडकू नका. खाली दरीतल्या साध्या गावात मुक्काम करा, लोकल गाड्या आणि बस पकडून पुढच्या देशात जा. तुम्ही असं केलं असेल तर इथे लिहा. मार्ग, तिकिटं, कुठे अडकलात, काय खाल्लंत, सगळं हवंय. ज्यांना स्कीइंग येत नाही त्यांनीही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. माझ्याकडे डॉइशलांडटिकेट आहे, म्हणजे जर्मनीतल्या लोकल आणि प्रादेशिक वाहतुकीचा पास. हा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, नंतर महागला, तरी फायद्याचाच आहे. रोज ऑफिसला जाण्यासाठी काढलेला हा पास ऑस्ट्रियातल्या कुफस्टाइनपर्यंत चालतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. फक्त प्रादेशिक गाडीत बसायचं, जलद गाडीत तो चालत नाही. म्हणजे सीमा पार होईपर्यंत वेगळा खर्च शून्य. कुफस्टाइनपासून पुढचं ऑस्ट्रियाचं तिकीट काढलं आणि व्योर्गलला राहिलो. तिथून किट्झब्युल या स्कीइंगच्या गावाला सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी परत. हानेनकाम नावाच्या थांब्यावर उतरलं की गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) समोरच. जानेवारीत तिथली प्रसिद्ध स्की शर्यत असते, तो आठवडा मात्र टाळा. खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत.

मग इन्सब्रुक, ब्रेनरची खिंड आणि खाली इटलीत. तिथला दक्षिण तिरोल प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, पण स्टेशनांच्या पाट्यांवर आजही जर्मन आणि इटालियन अशी दोन्ही नावं आहेत. आमच्या घरमालकीणबाईंनी किल्लीबरोबर गेस्ट पास हातात ठेवला. त्यावर त्या प्रांतातल्या बस आणि प्रादेशिक गाड्या फुकट! पुस्टर खोऱ्यातल्या गाडीने पेर्काला उतरलो. २०११ पासून इथे स्टेशनातूनच गोंडोला क्रोनप्लाट्झ या स्कीइंगच्या डोंगरावर जातो. गाडीचं दार उघडलं, स्की खांद्यावर घेतलेली दहा-बारा वर्षांची मुलं टपाटप उतरली आणि आम्ही कोट नीट करेपर्यंत ती वर जाणाऱ्या डब्यात बसलीसुद्धा. मला ते दृश्य फार आवडलं. डोंगरात जायला स्वतःची कार हवीच, हा समज माझ्यापुरता तिथे संपला.

ग्रेनोबल (फ्रान्स), विद्यार्थी

ताई, छान धागा. आमचा अनुभव फेब्रुवारी २०२४ चा. ग्रेनोबलहून इटलीत बार्दोनेकियाला जायचा सरळ मार्ग म्हणजे मोदानपर्यंत रेल्वे आणि पुढे १८७१ सालचा फ्रेझ्यूस बोगदा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये मोरियेन खोऱ्यात दरड कोसळली आणि ती लाइन बंद पडली, ती थेट मार्च २०२५ च्या शेवटी सुरू झाली. चौघांचं बजेट मोजकं. मग बसने ब्रियांसाँ, तिथून मोंजनेव्ह्रची खिंड ओलांडून इटलीत उल्क्स. वेळ जास्त लागला, पण मोंजनेव्ह्रचे उतार इटलीतल्या क्लाव्हिएर, सेस्त्रिएरेशी जोडलेले आहेत, त्यामुळे एका दिवसात दोन्ही देशांत स्की करून झालं. दुपारी इटलीच्या बाजूला जेवायचं, हे आमचं ठरलेलं. कॉफी आणि पास्ता तिकडे स्वस्त पडतो.

परत येताना अडकलो. खिंडीत फ्रेंच पोलीस बसमध्ये चढले. तिघांनी राहण्याच्या परवान्याचं कार्ड दाखवलं, चौथ्याचं राहून गेलेलं, ग्रेनोबलच्या खोलीत टेबलावर. फोनमध्ये फोटो होता, पण फोटो चालत नाही. त्याला उतरवलं, म्हणून आम्हीही उतरलो. तपासणी होऊन त्याला सोडलं, पण तोवर बस गेली होती. पुढच्या बससाठी बर्फात उभं राहताना ओले हातमोजे कडक झाले, बोटं मिटेनात. चूक आमचीच. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, सीमेवर नेहमी थांबवत नाहीत म्हणजे कागद लागत नाहीत असं नाही. आपल्या पासपोर्टवाल्यांनी मूळ पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना किंवा व्हिसा अंगावरच ठेवावा, बॅगेत नाही.

पुणे (मुलीकडे झुरिकला गेले होते)

मला स्कीइंग येत नाही, वय ६७. तरी लिहिते. मुलीने सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला बर्निना रेल्वेने नेलं. मोठ्या काचांची पॅनोरमा गाडी सगळ्यांना ठाऊक असते, तिला आरक्षणाचे पैसे वेगळे. आम्ही त्याच रुळांवरून जाणारी साधी गाडी घेतली. आरक्षण नाही, आणि आमच्या डब्याची खिडकी खाली करता येत होती. काचेआडून बघण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. बर्फाचा वास असतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

माथेरानच्या गाडीची फार आठवण आली. ती दोन फुटी, ही मीटरगेज. चढ इतका, तरी दातेरी रूळ नाहीत. ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनात गाडी २२५३ मीटर उंचीवर असते. डियाव्होलेत्सा आणि लागाल्बच्या थांब्यांवर स्कीवाली मंडळी उतरली, रोपवे स्टेशनला लागूनच. शेजारच्या बाकावर एक मुलगी एकटीच होती, बुटांची पकड सैल करत बसलेली. मी डब्यातला मेतकूट भात पुढे केला. तिने आधी वास घेतला, मग चमचाभर खाल्ला आणि नंतर डबाच मागून घेतला. ब्रुसिओला पूल गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो, तिथे ती मला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

जिनिव्हा

काकू, फार सुंदर लिहिलंत.

आमचं ठिकाण पोर्त द्यु सोलेय. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पसरलेले उतार, एकच पास. बॅगा आणि साधे बूट फ्रान्समधल्या मोर्झीनच्या हॉस्टेलवर ठेवून आम्ही स्की करत स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीच्या बाजूला उतरलो. ऊन होतं, वेळेचं भान राहिलं नाही. परत फ्रान्सकडे नेणारी शेवटची लिफ्ट बंद झालेली. डोंगरावरून जवळ असलेलं मोर्झीन रस्त्याने म्हणजे सगळा डोंगर वळसा घालून. टॅक्सीचा आकडा ऐकला आणि सरळ स्टेशन गाठलं. शाँपेरीहून छोट्या गाडीने एग्ल, पुढे जिनिव्हा, सगळा प्रवास स्कीच्या बुटांत. ते बूट घालून जिना उतरायचा तर आडवं पाऊल टाकावं लागतं. दुसऱ्या दिवशी बसने मोर्झीनला जाऊन बॅगा आणल्या. लिफ्ट बंद होण्याच्या वेळा हातावर पेनाने लिहून घ्या, इतकं कळकळीने सांगतो.

आणि फोन! स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे युनियनचं जादा पैसे न घेणारं रोमिंग तिथे लागू नाही. खिंडीत उभं राहिलं की फोन गुपचूप स्विस टॉवर पकडतो. डेटा बंद ठेवा.

फ्रान्समधल्या शामोनीला जायचं तर आता फार सोपं झालंय. डिसेंबर २०१९ पासून लेमान एक्स्प्रेस ही लोकल गाडी जिनिव्हाहून आनमासमार्गे सीमा ओलांडते. सां-जेर्व्हेला गाडी बदलली की शामोनी. तीच छोटी लाइन पुढे व्हालोर्सीनवरून स्वित्झर्लंडमधल्या मार्तिन्यीला उतरते, म्हणजे परतीला दुसरा रस्ता.

नाशिक, सध्या स्टुटगार्ट

प्रश्न आहे. फेब्रुवारीत आईबाबा येणार आहेत. सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश देणारा) शेंगेन व्हिसा. स्वित्झर्लंडला जाऊन परत जर्मनीत येता येईल का? आणि फ्रान्सला शनिवारी पोचलो तर चालेल ना?

धागा सुरू करणारी

हो, येता येईल. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिकडे गेल्याने एंट्री वापरली जात नाही. शनिवार मात्र नको. फ्रेंच रिसॉर्टमध्ये खोल्या शनिवार ते शनिवार दिल्या जातात, त्यात फेब्रुवारीत तिथल्या शाळांना सुट्ट्या. बस तासन्‌तास घाटात उभ्या राहतात. मंगळवारी निघा. आईंना साध्या गाडीने बर्निनाला न्या, जेवणाचा डबा थोडा जास्त भरा.